एका ठिपक्याची कुळकथा

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. आमचे थोरले बंधू, दादा, हे तसे काटक माणूस. पोटात आग पडते म्हणून त्यांनी वर्षभर ताक आणि खाण्याचा सोडा यांवर निभावून नेले. पण शेवटी वहिनींनी हट्टच धरला तेव्हा डॉक्टरांकडे गेले. तोंडावाटे नळी घालून जठर पाहण्यात आले. आत व्रण निघाला. त्या व्रणाच्या कडेचे तांदळाच्या कणीएवढे चार तुकडे काढून तपासणीला पाठवले गेले आणि पाचव्या दिवशी एक कागद हाती आला.

कागदावर इंग्रजीत मोजून सहा ओळी होत्या. त्यांतील दोन गोष्टी आम्हां सर्वांना समजल्या. पेशींची केंद्रके मोठी झालेली असून त्यांतील ‘केंद्रकी’ ठळक दिसतात, ही एक. आणि कर्करोगाची शंका तूर्त दूर करता येत नाही, आठ-दहा आठवडे औषध देऊन पुन्हा तुकडा तपासावा, ही दुसरी. वहिनींनी तो कागद घडी करून देवघरात ठेवला. दादा म्हणाले, “केंद्रकी म्हणजे काय रे? माझ्या मरणाचं कारण निदान मला मराठीत तरी कळू दे!”

माझा एक शाळासोबती पॅथॉलॉजिस्ट आहे. आयुष्यभर काचपट्ट्यांवरचे मांस पाहण्यात त्याचे केस पिकले. मी काचपट्टी मागवून घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मला पाहायला बसवले. प्रथम नुसता गुलाबी-जांभळा गोंधळ दिसला. मग एकेक पेशी वेगळी होऊ लागली. प्रत्येक पेशीत निळसर जांभळा गोल, आणि त्या गोलाच्या पोटात आणखी एक तांबूस झाक असलेला ठिपका; कुंकू लावताना बोट जरा जड पडावे तसा.

“तीच केंद्रकी,” मित्र म्हणाला.

“म्हणजे कर्करोगच ना?”

“अरे, एवढी घाई करू नकोस. हा ठिपका खोटं बोलत नाही, पण तो बोलतो तेवढंच ऐकावं. तो एवढंच सांगतो की, या घरात काम जोरात चालू आहे. कसलं काम, ते तो सांगत नाही.”

त्या वाक्याने माझी झोप उडाली असे म्हणणार नाही. पण पुढच्या तपासणीपर्यंतचे अडीच महिने मी या ठिपक्याची कुळकथा वाचण्यात घालवले. ती इतकी नवलाची निघाली की, दादांची काळजी थोडा वेळ विसरायला झाली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

ईलच्या कातडीपासून मक्याच्या कणसापर्यंत

हा ठिपका प्रथम पाहिला तो फेलिचे फोंताना या इटालियन पंडिताने. त्याचा ग्रंथ होता सापाच्या विषावर. परंतु १७८१ च्या त्या ग्रंथात ईल माशाच्या कातडीवरील बुळबुळीत द्रवातल्या पेशींचे चित्र आहे, आणि त्यात गोलात गोल, गोलात ठिपका स्पष्ट काढलेला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले आणि त्याची पुष्कळ वर्णने केली. नाव मिळाले, वर्णने झाली. पण तो तिथे कशासाठी आहे, हे शंभर वर्षे कुणालाच सांगता येईना. पेशीतला अडगळीचा कोपरा, राखीव अन्नाचा साठा, असे अनेक तर्क झाले.

एक गोष्ट मात्र सर्वांच्या ध्यानात आली होती. पेशी दुभंगायच्या वेळी हा ठिपका नाहीसा होतो, आणि दोन लेकी पेशी तयार झाल्या की दोघींतही पुन्हा उगवतो. तो उगवतो कुठे? १९३१ साली एमिल हाइट्झ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने उत्तर दिले: वाटेल तिथे नाही. ठराविक गुणसूत्रांवर ठराविक जागी एक बारीक मान असते, तिथेच तो धरतो.

यानंतर या कथेत एक बाई येतात. बार्बरा मॅक्लिंटॉक हे नाव पुढे १९८३ च्या नोबेल पारितोषिकामुळे जगभर झाले. पण त्याच्या अर्धशतक आधी त्या मक्याची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळीत बसलेल्या एक तरुण संशोधिका होत्या. मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावर ही केंद्रकीची जागा आहे. क्ष-किरणांनी ते गुणसूत्र नेमके त्या जागीच तुटलेले एक रोप त्यांना मिळाले. जागेचे दोन तुकडे झाले होते आणि दोन वेगळ्या गुणसूत्रांना चिकटले होते. आता केंद्रकी कुठे धरणार? ती दोन्ही ठिकाणी धरली! एक लहान, एक मोठी. शिवाय ज्या पेशींच्या वाट्याला ही जागा मुळी आलीच नाही, त्यांच्यात एक सबंध ठिपका होण्याऐवजी बारीक बारीक थेंब केंद्रकभर विखुरलेले दिसले. १९३४ साली बाईंनी निष्कर्ष मांडला की, ही जागा केंद्रकातले विखुरलेले द्रव्य गोळा करते, त्याला आकार देते. म्हणून तिला त्यांनी ‘संघटक’ म्हटले. डी. एन. ए.चे कोडे सुटायला तेव्हा अजून एकोणीस वर्षे होती. नुसत्या डोळ्यांच्या जोरावर बाईंनी केवढी दूरची गोष्ट पाहिली होती, हे पुढे कळेल.

आईची शिदोरी

आता मक्याच्या शेतातून ऑक्सफर्डच्या बेडकांकडे जाऊ. तिथल्या प्रयोगशाळेत आफ्रिकेतील एका जातीचे नखवाले बेडूक पाळलेले होते. त्या जातीच्या पेशीत सहसा दोन केंद्रकी असतात. १९५८ साली तेथील संशोधकांनी कळवले की, काही बेडकांत एकच आढळते. ते बेडूक धडधाकट होते. पण असे दोन बेडूक जोडीला लावले तेव्हा त्यांच्या संततीपैकी चौथा हिस्सा पिल्लांत केंद्रकी मुळीच नव्हती.

ही बिनठिपक्याची पिल्ले अंड्यातून बाहेर पडत, शेपटी हलवीत, पोहूही लागत. पाहणाऱ्याला वाटावे, सर्व ठीक आहे. आणि मग ती एकामागून एक मरत.

का मरत? आणि मरायचीच होती तर इतके दिवस जगली कशी? अमेरिकेतील डोनाल्ड ब्राउन आणि ऑक्सफर्डचे जॉन गर्डन या दोघांनी १९६४ मध्ये याचा उलगडा केला. (हे गर्डन शाळेत जीवशास्त्रात वर्गात अगदी तळाला होते आणि शास्त्रज्ञ होण्याचे त्यांचे स्वप्न हास्यास्पद आहे, असा शेरा मास्तरांनी मारला होता. २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले. प्रगतिपुस्तकावरून मुलांना रागावणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे!) त्यांना असे आढळले की, या पिल्लांच्या पेशी रायबोसोमचे आर. एन. ए. बनवूच शकत नाहीत. रायबोसोम म्हणजे पेशीतील ती सूक्ष्म यंत्रे, ज्यांत प्रथिने घडवली जातात. मग इतके दिवस ती जगली कशावर? आईने अंड्यात भरून दिलेल्या रायबोसोमवर! आईची शिदोरी होती तोवर लेकरू पोहले. शिदोरी संपली, स्वतःची चूल पेटेना, आणि खेळ आटोपला.

शंभर वर्षांच्या कोड्याचे उत्तर असे त्या मुक्या पिल्लांनी दिले. केंद्रकी ही अडगळ नव्हे. केंद्रकी म्हणजे रायबोसोमचा कारखाना.

सोऱ्या आणि तांबट आळी

या कारखान्याची गरज का, हे समजायला दिवाळीच्या स्वयंपाकघराइतका चांगला दाखला नाही. चकलीची कृती एका कागदावर लिहिली की तिच्यावरून हजार चकल्या पाडता येतात. पेशीतील बहुतेक जनुकांचे काम असे कृती लिहिण्याचे असते; एक प्रत निघाली की तिच्यावरून पुष्कळ प्रथिने होतात. पण चकल्या पाडायला सोऱ्या लागतो. रायबोसोम हा तो सोऱ्या. त्याचा गाभा आर. एन. ए.चाच असतो, आणि सोऱ्या काही कृतीवरून भराभर पडत नाही. प्रत्येक सोऱ्या स्वतंत्र घडवावा लागतो. आपल्या एकेका पेशीत असे रायबोसोम लाखांनी असतात. मोठ्या, वाढत्या पेशीत कोटीच्या घरात जातात. प्रयोगशाळेत भराभर वाढणाऱ्या मानवी पेशीत मिनिटाला सुमारे ७,५०० रायबोसोमचे अर्धभाग तयार होतात, असा हिशेब आहे. पेशी जेवढे म्हणून आर. एन. ए. बाळगते, त्याचा सुमारे चार-पंचमांश हिस्सा एकट्या रायबोसोमचा असतो.

एवढी मागणी एका जनुकाने कशी भागावी? म्हणून निसर्गाने त्याच्या प्रतींवर प्रती ठेवल्या आहेत. माणसाच्या पेशीत रायबोसोमच्या या डी. एन. ए.च्या साधारण २०० पासून ६०० पर्यंत प्रती असतात, आणि माणसामाणसांत हा आकडा वेगळा असतो. प्रत्येक प्रत सुमारे ४३,००० ते ४५,००० अक्षरांची. त्यातील सुमारे १३,००० अक्षरे कामाची, उरलेली दोन प्रतींमधली मोकळी जागा. या प्रती एकीला एक लागून ओळीने मांडलेल्या असतात.

अशा ओळी माणसात कुठे आहेत, हे १९७२ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. आपल्या गुणसूत्रांच्या २३ जोड्यांपैकी १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच जोड्या आखूड बाहीच्या आहेत. त्या आखूड बाहीवर या ओळी बसतात. पाच जोड्या, म्हणजे एकूण दहा जागा. मॅक्लिंटॉकबाईंच्या भाषेत दहा ‘संघटक’.

या जनुकांवर काम चालू असताना त्यांचे दर्शन घडवण्याचा मान ऑस्कर मिलर आणि बार्बरा बीटी यांचा. १९६९ साली त्यांनी न्यूट या बेडकाच्या भाईबंद प्राण्याच्या अंडपेशीतील केंद्रकी हलकेच उकलून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पसरली. मधे डी. एन. ए.चा धागा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना आर. एन. ए.चे तंतू; एका टोकाला आखूड आणि पुढे वाढत वाढत लांब. पाश्चात्यांना त्यात नाताळचे झाड दिसले. आपल्याकडचा कुणी असता तर म्हणाला असता, ही तर देवळापुढची दीपमाळ! एकीमागून एक आडव्या निजवलेल्या दीपमाळा, आणि प्रत्येकीवर शंभरएक कारागीर एकाच वेळी दिवे लावीत चाललेले.

आता हा कारखाना उभा राहतो कसा? गंमत अशी की, त्याला भिंत नाही. केंद्रकाला आवरण आहे, केंद्रकीला नाही. पुण्याच्या तांबट आळीला जसा कोट नाही, वेस नाही. तांब्याचे काम तिथे चालते म्हणून ठोके मारणारे, कल्हई करणारे, घासणारे तिथे जमले आणि आळी झाली, तसेच हे. कामाच्या जागी डी. एन. ए.वरून आर. एन. ए.चा लांब धागा निघू लागतो. तो कापणारे, तासणारे, त्यावर खुणा करणारे कारागीर रेणू तिथे धावतात. एका लांब धाग्याचे तीन तुकडे होतात. चौथा तुकडा पहिल्या गुणसूत्रावरून तयार होऊन येतो. बाहेर तयार झालेली सुमारे ८० प्रथिने आत येऊन त्यांवर बसतात. आतल्या भागात धागा निघतो, मधल्या पदरात तो तासला जातो, बाहेरच्या जाड पदरात जुळणी होते आणि रायबोसोमचे दोन अर्धभाग वेगवेगळे केंद्रकाबाहेर पडतात. काम थांबवले की आळी ओस पडते: ज्या औषधाने हे आर. एन. ए. निघणे बंद पडते, त्याने केंद्रकीही आक्रसते, तिचे पदर सुटे होतात.

मोडते आणि पुन्हा मांडते

पेशी दुभंगताना नेमके हेच घडते. गुणसूत्रांची आवराआवर सुरू झाली की रायबोसोमचे काम थांबवण्यात येते, कारागीर पांगतात, ठिपका पुसला जातो. पण दुकानावरची पाटी कुणी काढीत नाही. यू. बी. एफ. नावाचे एक प्रथिन त्या दहा जागांपैकी चालू असलेल्या जागांना घट्ट धरून राहते आणि तिथे डी. एन. ए.ला पुरते आवळू देत नाही. हाइट्झने पाहिलेली ती बारीक मान, ती हीच. पुस्तक मिटताना आपण पानात खूण घालतो, तशी ही खूण. विभाजन संपताच कामकरी रेणू खुणेच्या जागी परततात, धागा निघू लागतो, पांगलेले कारागीर थेंबाथेंबाने गोळा होतात.

म्हणून नव्या पेशीत आधी एक मोठा ठिपका दिसत नाही. दहापर्यंत लहान ठिपके दिसतात. मग ते एकमेकांजवळ येतात आणि मिसळतात. शेवटी एक, दोन किंवा तीन उरतात. आमटीवर तेलाचे थेंब तरंगताना पाहा: दोन थेंब टेकले की एक होतात आणि पुन्हा गोल होतात. २०११ साली त्याच नखवाल्या बेडकाच्या अंडपेशीत दाखवले गेले की, केंद्रकी खरोखरच द्रवाच्या थेंबासारखी वागते. तिचे पदर म्हणजे एकमेकांत न मिसळणारे द्रव, हेही पुढे दिसून आले. मॅक्लिंटॉकबाईंनी मक्यात पाहिलेले विखुरलेले थेंब आठवतात ना?

पण ‘संघटक’ खरा कोण, याची अखेरची कसोटी अजून व्हायची होती. आयर्लंडमधील गॉलवे येथे ब्रायन मॅकस्टे आणि त्यांचे सहकारी यांनी ती घेतली. मानवी पेशीच्या भलत्याच गुणसूत्रावर त्यांनी यू. बी. एफ. धरून राहील असा नुसता डी. एन. ए. बसवला. तिथे बारीक मान तयार झाली, कारागीरही जमले. पण धागा निघाला नाही, म्हणून आळी काही भरेना. मग २०१४ मध्ये त्यांनी त्यासोबत रायबोसोमचे खरे जनुकही दिले, आणि माणसाने मांडलेल्या जागी केंद्रकी उभी राहिली! म्हणजे पाटीही हवी आणि कामही हवे.

इतके महत्त्वाचे हे डी. एन. ए., पण मानवी जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाल्याचे २००३ साली जाहीर झाले, तेव्हा नेमकी हीच पाने कोरी होती. सारख्या प्रतींची ओळ वाचताना, एकाच ओळीचा मजकूर शंभर वेळा छापलेल्या पानावर बोट कुठे होते हे विसरावे, तशी यंत्रांची गत होत होती. त्या आखूड बाह्यांचा पूर्ण पाठ २०२२ साली प्रसिद्ध झाला.

या शेजाराचा एक परिणाम घरोघरी जाणवू शकतो. पाच वेगवेगळ्या जोड्यांच्या आखूड बाह्या केंद्रकीशी एकत्र नांदतात. म्हणून कधी कधी दोन गुणसूत्रे तिथे तुटून एकमेकांना जोडली जातात. हजारात साधारण एका माणसात अशी जोडणी असते. दहापैकी दोन जागा गमावूनही त्याला काही होत नाही, उरलेल्या आठ काम भागवतात. मात्र जोडणीत २१ वे गुणसूत्र असेल तर त्याच्या मुलात डाऊन संलक्षण येण्याचा संभव वाढतो.

कमी पडले तरी, जास्त झाले तरी

सोरे कमी पडले तर काय होते, हे बेडकांत पाहिले. माणसातही त्याची खूण आढळते. ट्रेचर कॉलिन्स या नावाच्या विकारात सुमारे ५०,००० जन्मांमागे एक मूल गालाची हाडे, जबडा आणि कान अपुरे घेऊन जन्माला येते. बुद्धी मात्र सहसा शाबूत असते. यांतील बहुतेकांत बिघाड असतो तो केंद्रकीतल्या एका प्रथिनाच्या जनुकात. गर्भात चेहरा घडवणाऱ्या पेशी फार झपाट्याने वाढतात; त्यांना रायबोसोम पुरत नाहीत आणि त्या वाटेतच गळतात. चेहरा बिघडतो तो चेहऱ्याच्या जनुकामुळे नव्हे, तर कारखाना मागे पडल्यामुळे!

उलट, जी पेशी बेबंद वाढते तिला सोरे अतोनात लागतात. तिची केंद्रकी फुगते. जुझेप्पे पियानेझे या इटालियन वैद्याने कर्करोगाच्या पेशींत हे १८९६ सालीच टिपून ठेवले होते. आजही मूत्रपिंडाच्या काही कर्करोगांची प्रत ठरवताना केंद्रकी किती ठळक दिसते, हे पाहतात. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या गाठीवर गेली कित्येक दशके वापरले जाणारे ॲक्टिनोमायसिन हे औषध थोड्या मात्रेत नेमके रायबोसोमचे आर. एन. ए. बंद पाडते.

निरोगी पेशीने या कारखान्यावर पहाराही ठेवला आहे. काम बिघडले तर जुळणीला न लागलेली काही प्रथिने मोकळी फिरू लागतात आणि पी-५३ नावाच्या पहारेकऱ्याला जागे करतात; तो पेशीची वाढ थांबवतो, वेळ पडल्यास तिला मरायला लावतो. म्हणजे केंद्रकी हा नुसता कारखाना नव्हे, पेशीच्या प्रकृतीची नाडीही आहे.

वसुबारस

ऑक्टोबरात दादांची पुन्हा तपासणी झाली. त्याआधी एकदा मित्र घरी आला होता. दादांनी त्याला सरळच विचारले, “डॉक्टर, तुमचा तो ठिपका काय म्हणतो?”

तो म्हणाला, “दादा, कर्करोगाच्या पेशीला पुष्कळ प्रथिनं लागतात, म्हणून तिचा ठिपका मोठा. पण जखम भरून काढणाऱ्या पेशीलाही पुष्कळ प्रथिनं लागतात. व्रणाच्या कडेला दोन्ही सारख्याच घाईत असतात. एक घर लुटायला धावतेय, दुसरी घर सावरायला. धावताना दोघींना धाप लागते. म्हणून तर औषध देऊन थोडं थांबायचं. सावरणारी काम संपलं की शांत होते, दुसरी होत नाही. तोवर मला विचाराल, तर मीही सांगू शकणार नाही.”

त्याने खोटा धीर दिला नाही, याचे त्या वेळी वहिनींना वाईट वाटले. मला बरे वाटले.

दुसरा कागद वसुबारसेला आला. व्रण भरला होता. कर्करोगाची खूण नव्हती. मित्राने ती काचपट्टीही मला दाखवली: तेच गोल, तीच जांभळी झाक, पण ठिपके आता बारीक, शोधावे लागतील इतके. श्रावणातली ती धावपळ सावरणाऱ्यांचीच होती.

संध्याकाळी वहिनींनी देवघरातला तो पहिला कागद काढून मला दिला. म्हणाल्या, “भावोजी, हा तुमच्याजवळच ठेवा आता.” आत दादा सोऱ्यात पीठ भरून देत बसले होते. चकल्या नेहमीप्रमाणे तुटत होत्या आणि त्याबद्दल ते नेहमीप्रमाणे सोऱ्याला दोष देत होते.